दाताच्या खुर्चीत स्पॅनिश गिटार

हातानं घडवलेली जुनी स्पॅनिश गिटार कशी ओळखायची, हे मला विचारा. दुसऱ्या कुणाला विचारू नका, कारण दुसरे लोक ती वाजवून बघतात आणि फसतात. मला वाजवताच येत नाही, त्यामुळे सुराला भुलून फसण्याचा प्रश्नच येत नाही. मी गिटारच्या तोंडात बघतो. माणूस असो की गिटार, खरी हकिगत तोंडाच्या आत असते, आणि तोंडाच्या आत बघण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं आहे. मी दातांचा डॉक्टर आहे.

गिटार वाजवते ती आमची ही. खाली माझा दवाखाना आणि वर घर, त्यामुळे माझ्या खुर्चीत बसणाऱ्याला दाढ काढून घेताना वरून संगीत ऐकायला मिळतं. संगीत चांगलं असतं, पण गिटार वाईट होती. प्लायवूडची, कारखान्यातली, मान पुढे वाकलेली. तारा पट्टीपासून इतक्या वर गेल्या होत्या की त्या दाबून दाबून हिच्या बोटांना घट्टे पडले होते. तिचे मास्तर म्हणाले, तुझा हात पुढे गेला आणि गिटार मागे राहिली. तिनं हे मला जेवताना सांगितलं आणि लगेच आमटी वाढायला घेतली. इतक्या वर्षांत या बाईनं स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवेना. मला फार वाईट वाटलं, आणि मी त्याच जेवणात जाहीर केलं की तुला अस्सल जुनी स्पॅनिश गिटार आणून देईन, आणि ती पारखून मी घेईन.

ही म्हणाली, "तुम्ही?"

या एका शब्दामुळे मी अभ्यासाला लागलो. पेशंटचं इंजेक्शन चढेपर्यंत जो वेळ मिळतो त्यात मी गिटारवरचं सगळं वाचून काढलं. हातानं केलेली गिटार उचलली की हलकी लागते. तिची मान नंतर आणून चिकटवलेली नसते, मानेच्याच बुडात खाचा पाडून त्यात अंगाच्या बाजू बसवलेल्या असतात. वर लाखेचं पॉलिश असतं, कापडाच्या बोळ्यानं थरावर थर चढवलेलं. आणि आतल्या कडेनं, जिथे वरची फळी बाजूंना चिकटते, तिथे कारखानेवाले एक सलग पट्टी लावून मोकळे होतात. जुना स्पॅनिश कारागीर तिथे लाकडाचे छोटे छोटे ठोकळे एकेक करून, हातानं, ओळीनं चिकटवतो. त्या ठोकळ्यांचा फोटो पाहून मला गहिवरून आलं. ती सरळ सरळ खालच्या जबड्याची ओळ होती. मला वाटलं, हे शास्त्र माझ्यासाठीच निघालं आहे आणि आजवर चुकून संगीतवाल्यांच्या हातात राहिलं आहे.

एकदा हिनं मध्येच तोंड घातलं. "अहो, मास्तर म्हणत होते की कारागीर आत सही करतो, ती..."

"सहीचं मला माहीत आहे," मी म्हणालो.

मी 'माहीत आहे' म्हटलं की ही पुढचं बोलत नाही. पूर्वी मला वाटायचं, तिला पटतं म्हणून गप्प बसते.

गिटार सापडली ती मागच्या गल्लीत, ग्रंथपाल बाईंकडे. बाई वाचनालयातून निवृत्त झालेल्या. त्यांचा थोरला भाऊ बोटीवर इंजिनिअर होता, तो गेल्या वर्षी वारला आणि त्याची गिटार बाईंकडे आली. भावाचं म्हणणं असं की ती त्यानं स्पेनमध्ये एका म्हाताऱ्या कारागिराच्या हातून, त्याच्या दुकानात उभं राहून घेतली. घरात यावर कुणीच विश्वास ठेवला नव्हता. कारण याच भावानं आपण बोटीएवढा लांब मासा पाहिल्याचंही सांगितलं होतं, आणि त्या माशापासून त्याच्या सगळ्याच गोष्टी एका गठ्ठ्यात बाजूला ठेवल्या गेल्या होत्या. गिटारच्या आत नावाचा कागद होता, तो कसर लागून गेला. जन्मभर पुस्तकांतल्या कसरीशी लढलेल्या बाईंना हे सांगताना फार लाजल्यासारखं झालं.

बाईंना गिटार वाजवणाऱ्याच्याच घरी द्यायची होती. हिचं वाजवणं त्यांनी येताजाता खिडकीतून ऐकलेलं होतं. पण त्यांची एक अट होती.

"डॉक्टर, दादाला सगळे थापाड्या म्हणायचे," बाई म्हणाल्या. "मीही म्हटलं असेल. ही गिटार खरंच तिथली, हातची आहे, एवढं मला पटवून द्या. मग ती तुमच्या हिची. नाही पटलं, तर मला ती विकायचीच नाही. कुणाला न दाखवता ठेवून देईन."

मी म्हटलं, बाई, उद्या सकाळी दवाखान्यात घेऊन या. घरच्या दिव्यात तोंड नीट दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी बाई गिटार घेऊन आल्या तेव्हा बाहेर फक्त एक पेशंट होता, उजवा गाल टम्म सुजलेले एक काका. त्यांच्या देखत मी गिटार आत घेतली, खुर्चीत निजवली, खुर्ची मागे केली आणि दिवा ओढला. सवयीनं तिच्या गळ्याभोवती रुमालही बांधला. उघड्या दारातून काका हे पाहत होते.

"माझ्या आधी हिचा नंबर?" त्यांनी एका बाजूच्या तोंडानं विचारलं.

मी म्हटलं, हिची अपॉइंटमेंट आहे. मग आमची ही बाईंना घेऊन वर चहाला गेली. जाता जाता तिनं दारात थांबून काहीतरी सांगण्यासाठी तोंड उघडलं, पण मी हातात मोजे चढवत होतो, आणि मोजे चढवताना मी कुणाचं ऐकत नाही.

तारा सैल केल्या, बाजूला घेतल्या आणि आरसा आत घातला. दातांचा, लांब दांडीचा, छोटा गोल आरसा. काय सांगू तुम्हाला! ठोकळे होते. एकेक वेगळा, थोडा मागे, थोडा पुढे, हाताच्या कामाला असतो तसा. एकही पडलेला नाही, एकही हलत नाही. मानेच्या बुडात खाचा होत्या. वजन हलकं. पॉलिश लाखेचं. मी एकेक ठोकळ्यावर आरशाच्या दांडीनं टकटक करून पाहिलं आणि सवयीनं "दुखतंय का?" असंही विचारलं. एक्स-रे काढायचा मोह झाला, पण गिटारला फिल्म चावून धरता येईना.

राहिली सही. मी तळाच्या फळीवर शोधलं, कारण फोटोंमध्ये सगळ्या सह्या तिथेच होत्या, शाईच्या, झोकदार. तळावर काही नव्हतं. बाजूंना काही नव्हतं. आरसा उलटा करून वर पाहिलं, म्हणजे वरच्या फळीच्या आतल्या बाजूला, आमच्या भाषेत टाळूला. तिथे सही नव्हती, पण अस्वच्छता होती. भोकाच्या जवळच करड्या काळ्या रंगाचे डाग पडले होते, वाकडेतिकडे, एकमेकांत गुंतलेले, शेवटी एक लांब शेपूट. तंबाखू खाणाऱ्यांच्या दातांवर मी असे डाग रोज बघतो.

आता आमच्या धंद्याचा एक नियम आहे. साफ केल्याशिवाय निदान करायचं नाही. डागाखाली काय दडलं असेल सांगता येत नाही, कदाचित सहीच दडली असेल. दुसरा नियम, साफ करण्याआधी फोटो काढायचा आणि साफ केल्यावर पुन्हा काढायचा. मी आरशात धरून पहिला फोटो घेतला. मग यंत्राला दात चमकवायची रबराची वाटी लावली, हळूच आत नेली आणि टाळूवर फिरवली. कामाला मी हलका आहे, लाकडाला ओरखडासुद्धा उठला नाही. खोडरबर फिरवावं तसे डाग निघून गेले. ही उपमा मला तेव्हाच सुचली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती.

डागाखाली सही नव्हती. मी दुसरा फोटो घेतला, हात धुतले आणि दोघींना खाली बोलावलं.

मी निकाल सांगितला. ठोकळे उत्तम, मान अस्सल, पॉलिश लाखेचं, प्रकृती ठणठणीत. पण सही नाही. कुणी केली आणि कुठे केली ते लिहिलेलं नाही. स्पेनची पद्धत पाहून दुसरीकडेही कुणी अशी करू शकतो, तेव्हा मी खात्री देऊ शकत नाही. खोटं सर्टिफिकेट मी शाळेतल्या पोरांनासुद्धा देत नाही.

बाई पेशंटच्या नातेवाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसल्या. "म्हणजे हेही त्याचं तसलंच," त्या म्हणाल्या. चिडून नाही, अगदी साधेपणानं म्हणाल्या, आणि पिशवीतून गिटारची खोळ काढायला लागल्या. हिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती गिटारकडे बघत होती आणि घट्टे पडलेली बोटं दुसऱ्या हातानं चोळत होती.

मग तिनं विचारलं, "तुम्ही वरच्या बाजूला बघितलंत ना?"

"वर म्हणजे?"

"वरच्या फळीला, आतून. मास्तर तेच सांगत होते. जुने कारागीर तिथे पेन्सिलीनं सही करतात. आरसा धरल्याशिवाय दिसत नाही, आणि दिसते ती उलटी. मी तुम्हाला सांगत होते तर तुम्ही म्हणालात, माहीत आहे."

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. पेशंटच्या तोंडातलं पाणी ओढायला आमच्याकडे नळी असते. माझ्या बाबतीत नळीची गरज पडली नाही.

"तिथे डाग होते," मी म्हणालो.

"होते?" ही म्हणाली.

मी रबराची वाटी दोघींपुढे धरली. ती पांढरी होती, आता तिच्या कडा करड्या झाल्या होत्या. बाईंच्या भावाची सगळी अब्रू त्या कडांना लागलेली होती. बाहेर काका कण्हत होते, आणि मला वाटलं, या क्षणी त्यांच्या जागी असतो तर बरं झालं असतं.

बाईंचे डोळे भरून आले. "मला तुमचा राग नाही आला डॉक्टर," त्या म्हणाल्या. "पण आता कुणाला सांगू? सही होती आणि दातांच्या डॉक्टरांनी पुसली, असं सांगितलं तर लोक म्हणतील, बहीणही भावावर गेली."

हे मात्र मला झोंबलं. मी आयुष्यात बऱ्याच लोकांचे बरेच दात काढले आहेत, पण कुणाच्या मेलेल्या भावाचा एकुलता एक पुरावा काढला नव्हता. मी हात जोडले, आणि आणखी काय करावं ते न सुचल्यामुळे जोडलेलेच ठेवले.

"ते हात सोडा," ही म्हणाली. "आणि साफ करायच्या आधीचा फोटो दाखवा. तुम्ही सिंक घासलं तरी आधीचा आणि नंतरचा फोटो काढता."

मी फोटो पडद्यावर लावला. पेशंटच्या दातांसाठीचा पडदा, त्यामुळे चित्र खिडकीएवढं आलं. तेच करडे डाग, तीच शेपूट. मी आता ते डाग म्हणून बघत नव्हतो तरी वाचता येईनात, कारण फोटो आरशातला होता आणि सगळं उलटं होतं. मी दातांचा आरसा पडद्यापुढे धरला. त्यात एका वेळी एकच अक्षर मावत होतं, आणि पुढचं अक्षर येईपर्यंत आम्ही तिघंही मागचं विसरत होतो.

"अहो, भिंतीवरचा मोठा आरसा काढा की!" काका दारातून ओरडले. ते केव्हाचे तिथे येऊन उभे होते आणि गाल धरून सगळं बघत होते.

पेशंटला नवे दात दाखवायचा तो आरसा मी खिळ्यावरून काढला आणि पडद्यासमोर धरून उभा राहिलो. बाईंनी चष्मा लावला. कपाटातल्या पुस्तकाचं नाव वाचावं तसं त्यांनी सावकाश, मोठ्यानं वाचलं. कारागिराचं नाव. मग त्याचं गाव. मग साल, आणि ते साल भाऊ बोटीवर असतानाचंच होतं. शेपूट होती ती सहीखालची रेघ.

बाईंनी ते सगळं पुन्हा एकदा वाचलं. मग चष्मा काढून पुसला.

"आता तो मासाही खरा मानावा लागणार," त्या म्हणाल्या, आणि हसता हसता रडल्या.

हिनं खुर्चीतल्या गिटारचा रुमाल सोडला, तारा लावल्या आणि तिथेच, माझ्या फिरत्या स्टुलावर बसून वाजवायला घेतलं. मला सुरातलं काही कळत नाही हे मी सांगितलंच आहे. पण हिची बोटं पहिल्यांदाच तारांशी भांडत नव्हती, एवढं मलाही दिसलं. आरसा धरून माझे हात भरून आले होते, तरी ती थांबेपर्यंत मी तो खाली ठेवला नाही.

गिटार हिला मिळाली. देण्याघेण्याचं त्या दोघींनी आपसात ठरवलं, मला त्या खोलीत घेतलं नाही. एक अट तेवढी मला कळवण्यात आली. डॉक्टरांनी गिटारच्या तोंडाकडे बघायचं नाही. पहिला फोटो, सुलटा करून, बाईंच्या घरी भावाच्या तसबिरीशेजारी लागला आहे आणि येणाऱ्या प्रत्येकाला तो वाचून दाखवला जातो.

दुसरा फोटो, साफ केल्यानंतरचा, आमच्या हिनं मोठा करून दवाखान्यात लावला आहे, खुर्चीच्या अगदी समोर. पेशंट तोंड उघडून पडल्या पडल्या तो बघतात. त्यावर काहीच नाही, नुसतं उजळ लाकूड आहे, पण कुठल्यातरी दाताचा असणार असं समजून जो तो म्हणतो, "काय स्वच्छ काम केलंय हो डॉक्टर!"

मी त्यांना धन्यवाद म्हणतो.