कापगतेभाऊ कुणाला एकटं सोडत नाहीत

आमचे शेजारी डोमाजी कापगते कथा लिहायला बसताना पायांत सेफ्टी शूज घालतात. घरात, पंख्याखाली, लुंगीवर. पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण ते लोखंडी टोपाचे जोडे चढवल्याशिवाय त्यांना एक ओळ सुचत नाही. "ड्यूटी म्हंजे ड्यूटी, सर," असं म्हणतात. पूर्वी मी हसायचो. आता हसत नाही, कारण त्या जोड्यांतून निघालेल्या कथा छापून येतात आणि मी चपला काढून, हात धुऊन, वर मराठीत एम.ए. करून लिहिलेल्या कथा 'साभार परत' येतात.

मला त्यांचा हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. रायपूरकडच्या बोरसीत आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, त्यामुळे हेवा करायला लांब जावं लागत नाही.

मी शाळेत हिंदी शिकवण्यात जन्म घालवला आणि घरी मराठी कथा लिहिल्या. माझ्या कथांत माणसं खिडकीतून बाहेर बघतात आणि कथा संपते. आजची कथा अशीच असते, असं माझं मत. भाऊंना ते मुळीच पटत नाही. त्यांच्या कथेत शेवटी कुणीतरी येतंच. बाप रुसून मुलाच्या घरातून निघाला, की वाटेत ओळखीचा रिक्षावाला भेटलाच पाहिजे. विधवा अंगणात बसली, की शेजारीण विरजण मागायला हजर. एकदा मी चिडून म्हणालो, "भाऊ, आयुष्यात असं कुणी येत नसतं."

"नसन येत," ते म्हणाले. "पन कथा माही हाय ना. प्लांटमंदी रिलीवर आल्याबिगर मशीन सोडता येत नाई. मंग मानूस कसा सोडू जी?"

रिलीवर म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस. तो येऊन उभा राहीपर्यंत आधीच्याने जागचं हलायचं नाही. या एका नियमावर भाऊंनी आपली अख्खी कथाकला उभी केली आहे.

त्यांच्या घरी ऐकायला कुणी नाही. मुलगा रायपूरला, नातवंडांना मराठी समजत नाही. म्हणून भाऊ कथा ऐकवतात ती भाजीवाल्या फुलबाईला. कागद मराठी, पण सांगतात तिथल्या तिथे हिंदी करून. ती टोपली उतरवून उंबऱ्यावर बसते, मधूनमधून "फेर का होइस, कका?" असं पुढचं विचारते आणि शेवटाला पदराने डोळे पुसते. वर मूठभर कोथिंबीर तशीच ठेवून जाते. माझ्या कथेवर आजवर कुणी हिरवी मिरचीसुद्धा दिलेली नाही.

गेल्या वर्षी पुण्याहून नव्या कथांचा एक संग्रह निघणार होता. आम्ही दोघांनीही कथा पाठवायचं ठरवलं. भाऊ हाताने लिहितात. टाइप करून मेल करायचं काम माझ्याकडे. त्यांची कथा जवळच्या रसमडा गावातल्या एका म्हातारीची. तिचा मुलगा तिथल्या फॅक्टरीत होता, तो काम शोधत गुजरातेत गेला, तरी ही रोज दुपारी त्याचं ताट वाढते आणि समोर बसून राहते. शेवटची ओळ होती, 'तेवढ्यात शेजारची कुंती आली, म्हनली, काकू, मलेई वाढ.' मलाही वाढ, एवढंच.

टाइप करता करता ती ओळ मी तीनदा वाचली आणि हेवा पुन्हा उफाळला. ही ओळ मला का सुचली नाही? सगळी कथा या ओळीवर उभी आहे हे मला चांगलं कळत होतं, आणि म्हणूनच मी ती गाळली. वर स्वतःची समजूत घातली, की आजच्या कथेला असाच शेवट शोभतो.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. माझी कथा परत आली, भाऊंची निवडली गेली. संपादकांनी कळवलं, 'शेवट विलक्षण धाडसी. म्हातारीला ताटासमोर एकटं सोडण्याचं धैर्य फार थोड्यांत असतं.' ते धैर्य माझं होतं, आणि हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. भाऊंना मी फक्त "निवड झाली" एवढंच सांगितलं. आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

पुस्तकं आली त्या सकाळी तोंडावर हसू चिकटवून मी अभिनंदनाला गेलो. भाऊ जोडे घालून बसले होते. समोर पाच प्रती. प्रत्येक प्रतीत आपली कथा उघडून, शेवटच्या पानावर उरलेल्या कोऱ्या जागेत ते पेनाने ती ओळ लिहीत होते.

"तुमच्या कॉम्प्युटरमंदी शेवटची लाइन सुटली वाटते, सर," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "म्हातारी एकटीच राहून गेली ना. म्हनून लिहून राहिलो."

होय म्हणालो असतो तर सुटलो असतो. पण मला ते जमलं नाही.

"सुटली नाही, भाऊ. मी काढली."

"कावून जी?"

"जळलो. तुमच्यावर."

मला वाटलं, आता जोडा निघतो, आणि तोही लोखंडी. पण त्यांनी नुसतं पेनाला टोपण लावलं.

"शारदा गेली तवा माही फर्स्ट शिफ्ट होती," ते म्हणाले. शारदावहिनी म्हणजे त्यांची बायको. मी त्यांना फोटोतच पाहिलं होतं. "दोनले सुटी. रिलीवरची गाडी रस्त्यात बिघडली, थो आला चारले. मी मशीन सोडली नाई. घरी आलो त थे दारापाशी पडून होती." त्यांनी जोड्याची नाडी घट्ट केली. "मशीनजवळ मानूस होता, सर. तिच्याजवळ कोनी नोतं."

मला फार लाज वाटली.

"बाकीच्या किताबा कुठं कुठं गेल्या असतीन जी?" त्यांनी विचारलं. "पुन्याले, मुंबईले. तितं म्हातारीजवळ कोनीच नसन."

मी तिथेच मोबाइल काढून संपादकांना लिहिलं, की ओळ मी गाळली होती, पुढच्या छपाईत ती घाला, आणि ते धैर्य माझं होतं त्याबद्दल क्षमा असावी. मग उरलेल्या दोन प्रती माझ्याकडे ओढल्या आणि भाऊंचा पेन मागून घेतला.

'काकू, मलेई वाढ' लिहिताना पुन्हा तोच हेवा वाटला. ही ओळ माझी असायला हवी होती.

"अक्षर चांगलं काढजा, सर," भाऊ म्हणाले.

मी जपून काढलं.