टायरकडून सप्रेम भेट

नेकनूरच्या एका लग्नात आंदणाला आलेला तांब्याचा हंडा मी या डोळ्यांनी पाहिलाय. त्यावर ठसठशीत अक्षरांत कोरलेलं होतं, 'टायरकडून सप्रेम भेट'. वऱ्हाड हसून हसून बेजार. ज्या मामाचं नाव तिथं यायला हवं होतं, तो मामा मात्र नवरीपेक्षा लाल झाला होता.

हा पराक्रम आमच्या बसलिंगअप्पांचा. केजच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान, आणि दुकानाला खेटून माझा एसटीडी बूथ. भांड्यावर नाव घालण्यात अप्पांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. पण कोरता कोरता वाद घालायची खोड वाईट. मशीन हंड्यावर, जीभ शर्यतीवर. मग जे तोंडात तेच हातातून भांड्यावर उतरणार, दुसरं काय!

शर्यत म्हणजे गाड्यांची. गावात नवी नवी केबल आली तेव्हा गिऱ्हाईक जमावं म्हणून अप्पांनी दुकानात टीव्ही बसवला. तर एका रविवारी त्यावर त्या उघड्या चाकांच्या, झुरळासारख्या चपट्या गाड्या दिसल्या, आणि कपाळाला विभूतीचे पट्टे ओढलेला हा माणूस तिथंच खिळला. जन्मात सायकल चालवली नव्हती हो यांनी! वडवणीला जायचं तरी जीपमध्ये डोळे मिटून महादेवाचा जप करायचे.

रंगात आलेल्या शर्यतीत शेवटाला हमखास लाईट जायची. दुसऱ्या दिवशी पेपरात कोपऱ्यात एक ओळ यायची, पहिला कोण आला एवढीच. तो का आला, हे कुणी छापत नसे. ते आमच्याकडं अप्पांच्या दुकानात ठरायचं.

काळी-पिवळी जीप चालवणारे गफ्फारभाई म्हणायचे, "अप्पा, सब डायवर का खेल हाय. टायर काय करतंय?"

"टायरच करतंय!" अप्पा पितळेच्या परातीवर थाप मारायचे. "डायवर बसलाय कशावर? गादीवर. गादी कशावर? गाडीवर. आन् गाडी? बोला की आता!"

पाऊस पडला, टायर. गाडी भिंतीला धडकली, टायर. पेट्रोल भरायला थांबलेली गाडी मागं पडली, तरी थांबली ती टायराला दम लागला म्हणून. आम्ही डोक्याला हात लावायचो. गिऱ्हाईक तांब्या हातात घेऊन ताटकळायचं, त्यालाही अप्पा विचारायचे, "तुमचं काय मत हाय?" त्याचं मत कुकरबद्दल असायचं बिचाऱ्याचं.

आणि सोमवारी संध्याकाळी अप्पा माझ्या बूथवर. पुण्याहून शिवाचा फोन यायचा तेव्हा.

शिवा त्यांचा एकुलता एक मुलगा. दुकान नको म्हणाला, पुण्याला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागला. अप्पांनी त्याला भर बाजारात सुनावलं होतं, "गेलास तर ह्या दुकानाची पायरी चढू नको." पोरगाही त्यांचाच. गेला तो गेलाच. आईशी बोलायला माझ्या बूथवर फोन करायचा. एकदा ती माउली देवळात गेलेली, म्हणून मी अप्पांना ओढून आणलं. रिसीव्हर कानाला लावून हे गप्प, तिकडं तो गप्प. शेवटी अप्पा एकदम ओरडले, "काल ती लाल गाडी कावून हारली बे?"

तिकडून काहीतरी उत्तर आलं.

"हॅट! टायर!" अप्पा म्हणाले, आणि जी जुंपली, ती त्यानंतर दर शर्यतीला जुंपायची. जेवलास का, कसा आहेस, गावाकडं कधी येतोस, यातलं अवाक्षर नाही. नुसतं टायर.

एका रविवारी पुढची गाडी धूर ओकत बंद पडली. सोमवारी अप्पा फोनवर टायरावर अडून बसले होते. त्यांनी फोन ठेवल्यावर मी चिडूनच म्हणालो, "अप्पा, अहो, इंजिन जळालेलं साऱ्या बाजारानं बघितलं. कशाला पोराशी उगा हुज्जत घालता?"

अप्पा बाकावर टेकले. "मला डोळे न्हाईत का बे? इंजिनच जळालं. पर पटलं म्हणलं की पोरगं फोन ठिवतंय."

मी गफ्फारभाईंना हे सांगितलं, तर त्यांनी डोळे पुसले. तेव्हापासून आम्हीच अप्पांना भांडणाचे मुद्दे पुरवायला लागलो, सुचेल तसे, खरेखोटे.

पण एक रविवार असा उगवला की मुद्दाच सापडेना. पहिली निघालेली गाडी शेवटपर्यंत पहिलीच. पाऊस नाही, धूर नाही, धडक नाही. मेली लाईटसुद्धा गेली नाही! अप्पांचा चेहरा उतरला. "असं कसं बे?" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

सोमवारी फोन वाजला. गफ्फारभाई जीप सोडून दारात उभे.

"हां, शिवा," अप्पा म्हणाले. "काल ती... पैली आली ती, पैलीच होती."

तिकडूनही होकारच आला असावा. मी हातानं गोल चाक करून दाखवलं. अप्पांनी नाही म्हणून मान हलवली. कपाळावर घाम, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरलेला.

"न्हाई रं. काल भांडण्यासारखं कायच झालं न्हाई," ते म्हणाले. "पर तू फोन ठिवू नको."

शिवा काय म्हणाला ते आम्हाला ऐकू आलं नाही. पण तो बोलत राहिला आणि अप्पा ऐकत राहिले.

"मी? बरा हाय. गुडघा धरतोय जरा... तुझी माय? रोज तुझं नाव काढती... अरे, पायरीचं काय घेऊन बसलास? रागात बोलतंय माणूस. ये की. तुझंच हाय समदं."

फोन ठेवून अप्पा बाहेर आले. डोळे कोरडे करायचं भानही नव्हतं त्यांना.

"शनिवारी यायलंय पोरगं. रविवारची शर्यत इथंच बघणार म्हणतंय."

"मग काय अप्पा, समोरासमोर होऊन जाऊ द्या!" गफ्फारभाई म्हणाले.

अप्पांनी आमच्या दोघांकडं दटावून पाहिलं.

"ध्यानात ठिवा. त्या दिशी पोरगं काय बी म्हणू द्या, कुणी आडवं बोलायचं न्हाई. मी बी न्हाई."