दोंडाईच्याचा बर्फ

साहेबानं विचारलं तेव्हा भाईदासांनी नुसती मान हलवली. पुढचं सगळं त्या मानेनं ओढवून आणलं.

धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत ते अकरा वर्षं हंगामी कारकून होते. (हंगाम अकरा वर्षं कसा चालतो, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. विचारायचा त्यांचा स्वभावच नव्हता.) गोरा साहेब दर जानेवारीत काश्मिरात जायचा. तिथल्या देवदाराच्या जंगलात पुढे वाटाड्या आणि मागे साहेबमंडळी, अशी दिवसदिवस बर्फावरून रपेट चाले. सोबत सामान सांभाळायला एक माणूस लागे.

"ये पहनके चलेगा, बाबू?" म्हणत साहेबानं टेबलावर जाळीचे जोडे ठेवले. लांबट लाकडी चौकट आणि मध्ये चामड्याच्या वाद्या विणलेल्या, म्हणजे पाय बर्फात रुतत नाही. येईल त्याला नोकरीत कायम करीन, असंही साहेब म्हणाला.

भाईदासांची मान हलली ती ‘कायम’ या शब्दावर. मुलीचं, यशोदाचं, पारोळ्याचं स्थळ त्याच एका शब्दापाशी अडलं होतं. हंगामी कारकुनाची मुलगी त्यांना नको होती. पोर काही बोलत नसे, आणि तेच भाईदासांना सोसवत नसे.

"आठे बरफ कोठे शे?" घरी बायकोनं, कमलबाईंनी, जोडे उलटसुलट करून पाहिले.

बर्फ नव्हता. पण कमलबाईंचा भाऊ रुपचंद दोंडाईच्याला कापसाच्या एका जीनमध्ये मुकादम होता, आणि तिथं सरकी काढलेल्या रुईचे दोन पुरुष उंच ढीग लागले होते. पांढरे, मऊ, पाय ठेवला की आत. भाईदासांनी आठ दिवसांची रजा काढली आणि कमलबाईंसह दोंडाईचा गाठलं.

"भाऊजी, बठ्ठी रुई खराब व्हई!" रुपचंद कळवळला. पण बहिणीनं डोळे वटारले आणि त्यानं ढिगाकडची वाट दाखवली.

वाटाड्या म्हणून रहीम मिळाला. तो वर्षानुवर्षं अनवाणी रुई तुडवत आलेला मजूर. तो पुढे, भाईदास मागे. पहिल्या दिवशी भाईदास अकरा वेळा पडले, दुसऱ्या दिवशी नऊ वेळा. नाकातोंडात, कानात, मिशीत रुई. कमलबाईंनी रोज संध्याकाळी त्यांना गादीसारखं झटकलं. सातव्या दिवशी मात्र ते न पडता ढीग चढून गेले, आणि अकरा वर्षांत प्रथमच त्यांना स्वतःबद्दल बरं वाटलं.

आठव्या दिवशी दौऱ्यावरचा साहेब गाडीला अवकाश होता म्हणून जीनमध्ये डोकावला. बाबू ढिगाच्या शेंड्यावर ताठ उभा! साहेब खूश झाला. पण भाईदासांनी खाली पाहिलं. साहेब खाली उभा, आणि आपण वर, तेही पायात जोडे घालून! कचेरीत साहेबाच्या खोलीत जाताना त्यांनी दारात वहाणा काढल्या नाहीत असा एक दिवस गेला नव्हता. ते लगबगीनं वाकले आणि वाद्या सोडू लागले.

"जोडा नका काढू, भाऊ! खाले जाशात!" रहीम ओरडला.

तोवर दोन्ही जोडे भाईदासांच्या हातात होते आणि भाईदास गळ्यापर्यंत रुईत. त्यांनी तिथूनच सलाम केला.

रहीमनं अनवाणी जाऊन त्यांना बगलेत धरून उपसून काढलं. साहेब ते बारकाईनं पाहत होता.

"बरफ में जूता उतारेगा तो मरेगा, बाबू," तो हळहळून म्हणाला, आणि काश्मिराला रहीमला घेऊन गेला.

फेब्रुवारीत कायम नेमणुकीचा हुकूम निघाला. कचेरीत अक्षर भाईदासांचंच चांगलं, म्हणून तो त्यांनीच लिहिला. एकही खाडाखोड नाही.

रहीम पडला मजूर, त्याला कचेरीत कोण घेणार, असं कमलबाई धरून चालल्या होत्या. घरी येताच त्यांनी नवऱ्याला दारातच गाठलं. "निंघना का हुकूम?"

"निंघना."

पुढचं ऐकायला त्या थांबल्याच नाहीत. आत धावल्या, डब्यातून चिमूटभर साखर आणली आणि नवऱ्याच्या तोंडात घातली. दाराआडून यशोदा पाहत होती. भाईदासांना रडू आलं. त्यांनी साखर तोंडात तशीच धरली.

"कोना नावना?" कमलबाईंना उशिरा शंका आली.

"रहीमना."

"मंग थुकी टाका ती साखर!"