गादीतल्या खड्ड्याची बदली

वस्तू बदलण्याचा दिवस सन्मानाने पुढे ढकलत राहण्याच्या शास्त्राला देखभाल म्हणतात. या शास्त्राच्या आधारावर जगातल्या मोठमोठ्या इमारती, पूल, संस्था आणि बरेचसे संसार आज उभे आहेत.

प्रमुख हे या शास्त्रातले जाणकार होते. (प्रमुख हे त्यांचं नाव नव्हे. एका मोठ्या कार्यालयाच्या देखभाल विभागाचे ते प्रमुख होते. निवृत्तीनंतर पद तिथेच राहिलं आणि हाक तेवढी घरी आली.) त्यांच्या कारकिर्दीत कार्यालयाची लिफ्ट एकदाही बदलावी लागली नाही. ती चालत नसे, पण चालणं हा विषय दुसऱ्या विभागाकडे होता. छत गळू लागलं तेव्हा त्यांनी खाली बादली ठेवली, आणि बादली गळू लागली तेव्हा खाली घमेलं ठेवलं. घमेलं गळायच्या आत ते निवृत्त झाले, म्हणून कारकीर्द निष्कलंक राहिली.

अशा माणसाच्या घरातल्या गादीला खड्डा पडावा, हा गादीचा उद्धटपणाच म्हणायचा.

गादी मुलगी चालायला लागली तेव्हा घेतली होती. आता मुलगी आपल्या संसाराला लागून तिची मुलगी पळायला लागली होती. खड्डा प्रमुखांच्या बाजूला होता आणि त्यांच्या देहाशी तंतोतंत जुळत होता. खांदे, पाठ, आणि निवृत्तीनंतर झपाट्याने विकसित झालेला मधला भाग, सगळं जिथल्या तिथे. प्रमुखांना त्यात अतिशय सुखाची झोप लागे. त्यांच्या पत्नीला मात्र उतारावर झोपावं लागे. त्या बाहेरच्या कडेला हाताने घट्ट धरून झोपत, आणि सकाळी कमरेवर हात ठेवून उठत. डॉक्टरांनी त्यांना तपासलं आणि सांगितलं, "सपाट गादीवर झोपा." औषध त्यांनी दिलंच नाही, यावरून प्रमुखांनी दुखणं किरकोळ असल्याचा निष्कर्ष काढला.

"अहो, नवीन गादी आणू या," पत्नी म्हणाल्या.

प्रमुखांनी आधी पाहणी केली. पडद्याचा दांडा गादीवर आडवा ठेवला आणि खड्ड्यात पाण्याचा पेला उभा केला. पेला दांड्याला न लागता आरामात उभा राहिला. तरीही गादीच्या ऐंशी टक्के पृष्ठभागाबद्दल कसलीही तक्रार नव्हती. उरलेल्या वीस टक्क्यांवर माणसं झोपत होती, एवढाच काय तो योगायोग.

"नैसर्गिक झीज आहे," प्रमुखांनी निदान केलं.

"खरंय. निसर्ग दुपारी जेवला की लगेच आडवा होतो ना," पत्नी दारातून म्हणाल्या.

प्रमुखांनी हा शेरा पोटावर न घेता मनावर घेतला आणि उपाययोजना सुरू केली. पहिला उपाय म्हणजे फेरपालट: डोक्याकडची बाजू पायाकडे आणि पायाकडची डोक्याकडे. (हा उपाय जगन्मान्य असून गादी विकणारेही तो सांगतात, कारण विकलेली गादी परत आलेली त्यांना आवडत नाही.) गादी उचलताना प्रमुख काही काळ तिच्या खाली गेले आणि फक्त आवाजाने उपस्थित राहिले. पत्नींनी त्यांना पायाला धरून बाहेर काढलं. अखेर फेरपालट पूर्ण झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमुख प्रसन्न उठले. "बघ, सुटला की नाही प्रश्न? एकदम सपाट."

"तुमचा सुटला," पत्नी खड्ड्यातून म्हणाल्या. "माझ्याकडे आलाय तो. आता हात द्या आणि मला वर काढा."

प्रमुखांनी हात दिला, आणि ही व्यवस्था कायमची नसून दर तीन महिन्यांनी खड्ड्याची बदली होईल, असं समजावून सांगितलं. त्यांच्या कार्यालयात त्रासदायक माणसांच्या बाबतीत हेच धोरण होतं आणि ते यशस्वी ठरलं होतं. (माणसं सुधारली नाहीत, पण प्रत्येक विभागाला त्यांची ओळख झाली.)

पत्नींनी वाद घातला नाही. त्यांनी पिशवी भरली. "मी मुलीकडे चालले. तिच्याकडे सपाट गादी आहे. इथली झाली की सांगा, आणि नाहीच झाली तर तसं सांगा, म्हणजे उरलेले कपडेही घेऊन जाते."

हे शेवटचं वाक्य त्यांनी चपला घालताना, अगदी साध्या आवाजात म्हटलं. प्रमुखांना आरडाओरड परवडली असती. आरडाओरडीला उत्तर देता येतं.

घर त्यांना खायला उठलं. चहा त्यांनी सवयीने दोघांचा केला आणि दोन्ही कप स्वतःच प्यायले. उशीखाली ठेवलेला चष्मा सापडेना, कारण तो कुठे आहे हे त्यांना आजवर विचारूनच कळत आलं होतं. हिच्याशिवाय आपण म्हणजे मुळीच न चालणारी लिफ्ट आहोत, असं त्यांना स्पष्ट वाटलं, आणि या बाबतीत दुसऱ्या विभागाकडे बोट दाखवायची सोय नव्हती. गादी सपाट झालीच पाहिजे, असं त्यांनी मनापासून ठरवलं. बदलायची मात्र नाही. एवढ्याशा खड्ड्यापुढे हात टेकले तर आयुष्यभर ठेवलेल्या बादल्यांना काय अर्थ राहिला?

तज्ज्ञ लोक सांगतात ते सगळं त्यांनी केलं. गादीला ऊन दाखवलं, तिच्यावर खायचा सोडा भुरभुरवून ब्रशने झाडला. गादी ताजी दिसू लागली, खड्डाही ताजा दिसू लागला. मग त्यांनी पलंगाच्या फळ्या तपासल्या. मधली फळीच वाकलेली होती. म्हणजे खाली पक्की फळी हवी आणि वर आवरणाच्या आत फोमची भर हवी. एकही वस्तू बाहेरून आणायची नाही, या तत्त्वावर त्यांनी घरातच साहित्य शोधायचं ठरवलं.

इथे त्यांच्यातला प्रशासक जागा झाला. दिसेल ती वस्तू उपटणं हे अडाण्याचं काम. प्रमुखांनी वापराचं रीतसर सर्वेक्षण केलं. ते आठवडाभर घरात लक्ष ठेवून बसले आणि कोणती जागा कितपत वापरली जाते ते पाहत राहिले. निष्कर्ष डोळे उघडणारे होते. सोफ्याचा उजवा कोपरा: वापर सतत. (तिथे बसूनच ते सर्वेक्षण करत होते.) सोफ्याचा डावा कोपरा: वापर शून्य. जेवणाच्या टेबलाची टीव्हीसमोरची खुर्ची: वापर दिवसातून अनेकदा. स्वयंपाकघराच्या दाराजवळची खुर्ची: वापर शून्य. कपाटाचा खालचा कप्पा: वापर वारंवार, वस्तू जमिनीवर सांडेपर्यंत. मधला कप्पा: कोणीही उघडला नाही.

एवढी साधनसामग्री घरात इतकी वर्षं नुसती पडून असावी याचं प्रमुखांना वाईट वाटलं.

मधल्या कप्प्याची फळी पलंगाखाली गेली. कप्प्यातले कपडे एका मोठ्या पिशवीत घालून त्यांनी पिशवी माळ्यावर टाकली. डाव्या कोपऱ्यातल्या उशीचं पोट फाडून निघालेला फोम खड्ड्याच्या मापाने कापून गादीत बसवला. माप घ्यायला ते स्वतः आडवे झाले आणि भोवती खडूने रेघ मारली. रेघ पाहून त्यांनी संध्याकाळपासून भात कमी करायचं ठरवलं, आणि संध्याकाळी ते विसरले. कोपरा रिकामा दिसू नये म्हणून दाराजवळच्या खुर्चीची गादी काढून तिथे घातली. खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून तिच्यावर जुन्या टॉवेलांची घडी ठेवून वर कापड ताणून खिळे मारले. लांबून काहीच कळत नव्हतं. देखभालीत लांबून पाहण्याला फार महत्त्व आहे.

मग पुन्हा दांडा ठेवला. पेला उभा राहीना. प्रमुखांना अक्षरशः भरून आलं. त्यांनी मुलीला फोन लावला. "आईला सांग, सपाट झाली. एक पैसा न खर्चता."

"बाबा, तुम्ही नक्की काय केलंत?" मुलीने शंकेने विचारलं.

"ये आणि बघ म्हणावं तिला."

त्या आल्या. पिशवी दाराशी ठेवून आधी सरळ गादीवर जाऊन आडव्या झाल्या. एकदा डाव्या आणि एकदा उजव्या कुशीवर वळून पाहिलं. प्रमुख पायथ्याशी श्वास रोखून उभे.

"झाली हो सपाट," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका निवळला, की प्रमुखांना आयुष्यात मिळालेली सगळी प्रशस्तिपत्रकं फिकी वाटली.

मग त्या उठून सोफ्यावर बसायला गेल्या. उजव्या कोपऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. डाव्या कोपऱ्यात टेकल्या आणि गुडघे हनुवटीपर्यंत आले. तिथून स्वतःला सोडवून स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या, तर टॉवेल एका बाजूला सरकले आणि त्याही सरकल्या. साडी बदलायला कपाट उघडलं. मधल्या कप्प्याच्या जागी नुसती पोकळी होती.

त्यांनी कपाटाचं दार लावलं.

"तुम्ही शोधून शोधून माझ्याच जागा घेतल्यात."

"छे, छे," प्रमुख घाईने म्हणाले. "मी आठवडाभर बारकाईने पाहिलं. त्या जागा कोणी वापरतच नव्हतं."

"अहो, मी इथे नव्हते ना."

इतक्या वर्षांच्या सेवेत प्रमुखांच्या कुठल्याही सर्वेक्षणात एवढी मोठी त्रुटी कोणी दाखवली नव्हती. (ज्यांना दाखवता आली असती ते पाहणीच्या वेळी बहुधा जागेवर नसत.) त्यांना लाज वाटली, कागदावर वाटते ती नव्हे, कानापर्यंत पोचते ती. ते डाव्या कोपऱ्यात जाऊन बसले. गुडघे हनुवटीला लागले. तिथून टीव्ही दिसत नाही आणि पंख्याचा वारा येत नाही, ही माहितीही त्यांना नवीन होती.

पत्नी दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे बघत होत्या.

"उद्या नवीन गादी आणू," प्रमुख खालून म्हणाले. हे वाक्य म्हणजे त्यांच्या दृष्टीने राजीनामाच होता.

"दुकान आत्ताही उघडं असेल," पत्नी म्हणाल्या. त्यांनी हात पुढे केला, प्रमुखांना कोपऱ्यातून ओढून वर काढलं, आणि दोघं बाहेर पडले.

नवी गादी आली. फळी, फोम, खुर्चीची गादी आणि माळ्यावरच्या पिशवीतले कपडे आपापल्या जागी परतले, उशी मात्र थोडी वाकडी शिवली गेली. सोफ्यावर आता दोघं आळीपाळीने वाकडी बाजू घेतात, आणि प्रमुखांची पाळी आली की त्यांना आठवण करून द्यावी लागते.

वाचकांनी प्रमुखांना खुशाल हसावं, त्यांची हरकत नाही. तुम्ही हे वाचायला ऐसपैस, सपाट जागी बसला असाल, हे उत्तमच. फक्त वाचून झाल्यावर एकदा उठा आणि तुमच्या घरातला खड्डा सध्या कोणाकडे आहे, तेवढं पाहून या. लवकर सापडणार नाही. ज्याच्याकडे तो असतो, ते सहसा तक्रार करणारं माणूस नसतं.