गेट किती असतात?

माजरी गावचे मन्सूर टेलर लग्नाच्या पहिल्याच वर्षी बायकोला, कमरजहाँला म्हणाले होते, "तुले वाघ दाखवतो." त्याला सव्वीस वर्षं झाली. शेवटी कमरजहाँच्या बहिणीच्या मुलीने, नाहीदनेच मनावर घेऊन तिघांची सफारी ठरवली. कमरजहाँ दोन दिवस आधीच तिच्याकडे राहायला गेली. मन्सूरभाई लग्नसराईचे कोट हातावेगळे करून संध्याकाळी चंद्रपुरात दोस्ताकडे उतरले. मोबाइलवर नाहीदचा निरोप होता : 'खालू, सकाळी सहाला गेटवर पोचा.'

कोणतं गेट, ते लिहायचं तिला सुचलंच नाही. सफारीला जाणाऱ्याला जंगलाचं मोहर्ली गेट वेगळं काय सांगायचं! आणि दोस्ताच्या मते चंद्रपुरात गेट म्हणजे जटपुरा गेट. जुन्या किल्ल्याचा तो दरवाजा त्याच्या घरापासून चार पावलांवर होता.

सहाला पाच कमी असताना मन्सूरभाई गेटखाली हजर. तिथे गळ्यात दुर्बिणी अडकवलेली दहाबारा माणसं उभी होती. किल्ला फिरवून दाखवणारी दिव्यानी नावाची टोपीवाली मुलगी त्यांची हजेरी घेत होती.

"तुम्ही बी आपल्यासंगच ना भाऊ? या, या."

"जिप्सी कुठी आहे?"

"जिप्सी कायले? पायीच जातो ना आपण."

मन्सूरभाई मागे सरकले. "पायी? अन् जनावर?"

"हे काय, वरतं पाहा!" तिने भिंतीकडे बोट दाखवलं. दगडात कोरलेला सिंह हत्तीला दाबून उभा होता. सगळ्यांनी फोटो काढले. मन्सूरभाईंना काही उमगेना, पण बाकीचे माना डोलवत होते, म्हणून त्यांनीही डोलावली.

तेवढ्यात कमरजहाँचा फोन आला. "कुठी आहा तुम्ही?"

"गेटवर."

"गेटवर तं मी आहो!"

"मग हात वरतं कर."

"केला. दिसला का?"

"नाई. पानठेल्यापाशी ये."

"कायचा पानठेला? इथी जंगल आहे जी!"

"जंगल? इथी तं ऑटो उभे आहेत!"

नाहीदने फोन हिसकावला. "खालू, तुम्ही कोणत्या गेटवर आहा?"

"कोणत्या म्हणजे? गेट किती असतात?"

"चार," शेजारून दिव्यानी अभिमानाने म्हणाली, "अन् किल्ल्याले पाच खिडक्या बी."

मोहर्ली तिथून तीसेक किलोमीटर. जिप्सी कुणासाठी थांबत नाही. ती निघाली आणि फोनची रेंजही गेली. मन्सूरभाई आता जायचं कुठे हे न कळल्यामुळे दिव्यानीच्या मागे मागे किल्ल्याच्या परकोटाच्या कडेने चालत राहिले. वळणावर सगळे एकदम थबकले. वर भिंतीवर, कोवळ्या उन्हात, बिबट्या पसरला होता. मन्सूरभाईंनी दिव्यानीची पिशवी घट्ट धरली.

दुपारी कमरजहाँ धुळीने माखून नाहीदच्या घरी परतली; मन्सूरभाई तिथे जेवायला येऊन बसले होते. "चार घंटे! चितळं पाह्यले, मोर पाह्यले, एक झोप बी काढली. वाघ काई दिसला नाई. तुम्ही काय पाह्यलं?"

मन्सूरभाईंनी जरा विचार केला. "भिंत."

"नुसती भिंत?"

"लंबी होती."

कमरजहाँला दया आली. तिने त्यांच्या ताटात भाजी वाढली. इतक्यात गावभर फिरत असलेला एक फोटो कुणीतरी नाहीदच्या मोबाइलवर धाडला. भिंत, वर ऐटीत बसलेला बिबट्या, खाली मन्सूरभाई.

"तुम्ही तं भिंत म्हणत होते!" कमरजहाँ कडाडली.

"खुदा कसम, भिंतच पाह्यली," मन्सूरभाई कळवळून म्हणाले. "तो दिसला तसे मी डोळेच मिटून घेतले. फोटो मोठा करून पाह्य!"

कमरजहाँने मोठा करून पाहिला. खरंच मिटले होते.