चिल्ड्रन्स आणि फुटवेअर्स प्रकरण

"लिही," केवलराम मामा म्हणाला. "दुर्ग ते डोंगरगड पट्ट्यातला एकमेव खाजगी गुप्तहेर. उभी हयात लोकायच्या डोळ्यांत पाहून राहिलो. खोटं मले लगेच दिसते."

उभी हयात मामाचं पावर हाउस बाजारात चष्म्याचं दुकान होतं. लोकांच्या डोळ्यांत पाहण्याचे तो पैसे घेत असे. मी निमूट लिहून घेतलं आणि तपास सुरू झाला.

प्रकरण भिलाईतल्या आमच्या मंडळाच्या हॉलचं. दारावर इंग्रजीत रंगवलेली पाटी आहे: 'लेडीज आर रिक्वेस्टेड टू लीव्ह देअर चिल्ड्रन्स अँड फुटवेअर्स आउटसाइड.' पोरं आणि चपला एकाच रांगेत बसवणारं हे वाक्य मंडळाचे सचिव धनंजयभाऊ यांनी स्वतः रचलं होतं.

माझे बाबा, फकिरा गिऱ्हेपुंजे, भिलाईच्या स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये होते. प्लांटचं ते घरी बोलत नसत. घरी फक्त लोकांचं इंग्रजी दुरुस्त करत. पत्रिकेत 'कझिन ब्रदर' दिसला की त्या लग्नात त्यांना जेवण जात नसे. 'लेट अस डिस्कस अबाउट मॅरेज' म्हणणाऱ्या पाहुण्यांशी त्यांनी पुढे काहीच डिस्कस केलं नाही, त्यात माझं एक बरं स्थळ गेलं. ही पाटी सुधारून घ्यायचं त्यांनी ठरवलं आणि त्याच आठवड्यात ते गेले.

आता रविवारी त्याच हॉलमध्ये त्यांचं वर्षश्राद्ध होतं. आई वर्षभर तिकडे फिरकली नव्हती. तिचं एकच म्हणणं होतं. "त्या चुकीच्या पाटीखालून लोकं यायच्या, तुह्या बाबाच्या, श्राद्धाले येतीन, ते मले चालणार नाही, नीतू."

मी पेंटर प्रितमला सांगितलं. तो म्हणाला, "हां दीदी, कल पक्का." तो उद्या काही उगवेना. म्हणून मामा.

मामानं दुकानातलं भिंग लावून पाटी तपासली. पाटीवर तारेनं लाल पत्र्याचा एक तुकडा लटकत होता. मामानं तो बोटानं बाजूला सारला. "सजावट," असं म्हणून पुढे सरकला.

पहिला संशय सचिवांवर.

"ही पाटी सुधरली तं कोनाची इज्जत जाते, साहेब?"

"माझी," धनंजयभाऊ म्हणाले. "पण ती फकिराभाऊंनी भर सभेत आधीच घालवली आहे. आता जायला काही शिल्लक नाही."

बाहेर येताच मामा कुजबुजला, "त्याचा डावा डोळा संशयास्पद आहे."

"मोतीबिंदू आहे, मामा. तुम्हीच सांगितलं होतं त्यांना."

दुसरा संशय पावर हाउसच्या इंग्लिश स्पीकिंग क्लासवर. "चुका संपल्या तं त्यायचं दुकान बंद. कावून होऊ देतीन दुरुस्ती?" गुप्तपणे घुसायला म्हणून मामा फुकटच्या पहिल्या तासाला बसला आणि छाती फुगवून परतला. "आय हॅड वेंट देअर टुडे मॉर्निंग ओन्ली. सर म्हणे, युवर इंग्लिश इज व्हेरी मच बेटर."

मग आम्ही कॅम्प-1 वस्तीत प्रितमला त्याच्या घरी गाठलं.

"कलर कायको नहीं मारा?" मामानं त्याच्या डोळ्यांत बघत विचारलं.

"उसको हाथ लगाना मना है, काका."

"किसने मना किया?"

प्रितमनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "जाने दो ना, काका."

"धमकी!" मामा परतताना ऑटोत ओरडला. "टोळी आहे. मोठी. लिही."

घरी आई विळीवर भाजी चिरत होती. तिनं टोळी ऐकून घेतली आणि विचारलं, "पाटीवर काही लटकून आहे का?"

"सजावट."

"लाल?"

"लाल."

"मागून नाव पाह्यलं?"

"गुप्तहेर समोरून पाहते, ताई."

आईनं विळी मिटली. "येडे हो, टॅग आहे तो. प्लांटमधी काम चालू असलं का मशीनले लावते. ज्यानं लावला त्यानंच काढाचा. दुसऱ्यानं काढला, मशीन चालू झाली, तं आतला मानूस जाते. यायनं एकदा, तू लहान होती तवा, आपल्या पंपाले लावला अन् तसेच ड्युटीवर गेले. दुपारपावतर कोनाची आंघोळ नाही. पन हात नाही लावला कोनी."

आमची सगळी वस्ती प्लांटची. प्रितमनंही ठेकेदाराकडे तिथेच रंगकाम केलेलं. वर्षभर येताजाता सगळ्यांनी बाबांचा तो टॅग पाहिला होता. आणि काढणारा आता येणार नाही, हे मला सांगायला कुणाची जीभ वळली नव्हती.

"मंग निघनारच नाही का तो?" मामा म्हणाला.

"शिफ्ट बदलली का येनारा चार्ज घेते. जाय नीतू. तू काढ."

तार गंजली होती, निघायला वेळ लागला. टॅगच्या मागे बाबांचं नाव होतं, त्यांच्याच सुबक अक्षरात. टॅग माझ्या हातात येईपर्यंत प्रितमनं रंगाच्या डब्याचं झाकण उघडलं नाही.

रविवारी आई हॉलवर आली. 'चिल्ड्रन' आणि 'फुटवेअर' दोन्ही सुधारले होते. खाली प्रितमनं प्रेमानं, स्वतःच्या मनानं एक ओळ वाढवली होती: 'करेक्टेड बाय लेट फकिरा सर, हू इज एक्सपायरिंग सिन्स लास्ट इयर.'

"लिही," मामा म्हणाला. "केवलरामनं प्रकरण सोडवलं."

"काय लिहिलं आहे ते?" आईनं मला विचारलं.

"बाबा गेल्या वर्षीपासून मरून राहिले आहेत. अजून संपलं नाही."

आईनं पाटीकडे पाहिलं. मग तोंडाला पदर लावून हसली, वर्षात पहिल्यांदा. "यायले हे चाललं नसतं."

"नाही."

मी पर्समधून टॅग काढला, मागे बाबांच्या नावाखाली माझं नाव लिहिलं आणि पाटीवर लटकवला.

प्रितम ब्रश घेऊन धावत आला. "दीदी, ये कब निकालोगी?"

"हां प्रितम," मी म्हटलं, "कल पक्का."