मधपेटीवरचा काळा कोट

मंगळवारी सकाळच्या पहिल्या बसने एडगरची बायको मिल्ड्रेड बहिणीकडे निघाली आणि फाटकातूनच ओरडली, “एडगर, मधपेटीचं झाकण गळतंय, बघ जरा. आणि मी शनिवारी येईपर्यंत जिवंत राहा, एवढंच.”

“माझं काय होतंय!” एडगर विबली म्हणाला. त्याचं सगळं लक्ष भोपळ्याकडे होतं.

भोपळा म्हणजे साधासुधा नव्हे. डुकराच्या पिलाएवढा, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, खाली गवताची गादी आणि उशाला खुद्द एडगरची उशी. एडगर स्वतः दोन महिने बिनउशीचा झोपत होता. नेदर पॉडल गावच्या फळभाजी प्रदर्शनात गेली नऊ वर्षं एडगरचा भोपळा दुसरा येत होता आणि कुंपणापलीकडच्या होरेस ग्रिमशॉचा पहिला. नऊ वर्षं चषक होरेसच्या खिडकीत, आणि तोही अगदी एडगरच्या स्वयंपाकघरातून दिसेल असा. यंदा शनिवारी तो चषक आणायचा, नाहीतर बागकाम सोडून विणकाम शिकायचं, असं एडगरने ठरवून टाकलं होतं.

दहाच्या सुमारास आभाळ भरून आलं तेव्हा त्याला झाकण आठवलं. शेडमध्ये ताडपत्री सापडेना. दाराजवळच्या खुंटीवर त्याचा काळा कोट लटकत होता, फक्त लोकांच्या अंत्यविधीला घालायचा. सध्या कुणी मरायच्या बेतात नव्हतं. एडगरने कोट मधपेटीवर टाकला, वाऱ्याने उडू नये म्हणून एक वीट ठेवली, दुसरी उचलायला वाकला, आणि कमरेत कट्‌ असा आवाज झाला.

तो परत सरळ होईना. मग रांगत रांगत घरात आला. होरेसने आपल्याला चार पायांवर पाहिलं तर जन्मभर सांगत सुटेल, म्हणून त्याने आधी खिडक्यांचे पडदे ओढले. मग सोफ्यावर आडवा झाला. टेलिफोन होता भिंतीवर आणि एडगर होता पार खाली, त्यामुळे डॉक्टरचा विषयच मिटला.

आता नेदर पॉडलमध्ये घरातला कर्ता माणूस गेला की पहिली बातमी मधमाश्यांना द्यायची. पेटीवर टकटक करून सांगायचं, वर काळं कापड टाकायचं, आणि घराचे पडदे ओढून घ्यायचे. नाही सांगितलं तर माश्या रुसतात आणि पोळं सोडून जातात. शिकलेसवरलेले लोक याला हसतात आणि कापड तेवढं इस्त्री करून टाकतात.

सव्वादहाला पोस्टमनने कुंपणावरून काळी पेटी पाहिली आणि भरदिवसा ओढलेले पडदे पाहिले. त्याने सायकलवरून उतरून टोपी काढली. साडेदहाला सगळ्या गावाला कळलं.

दुसऱ्या कुठल्या गावात कुणीतरी दार वाजवून विचारलं असतं, काय झालं, कसं झालं, कधी न्यायचं. नेदर पॉडलमध्ये असं विचारणं म्हणजे निव्वळ आगाऊपणा. दुःखात असलेल्या बाईला त्रास द्यायचा नाही. उंबऱ्यावर काहीतरी शिजवलेलं ठेवायचं आणि चवड्यांवर परत फिरायचं. मिल्ड्रेडला बसमध्ये चढताना गावातल्या कुणीच पाहिलेलं नव्हतं. डॉक्टरांना वाटलं, मोठा डॉक्टर बोलावला असेल. पाद्रीसाहेबांना वाटलं, दफन बायकोच्या माहेरी करणार असतील. आपल्याला सांगितलं नाही म्हणून त्यांना थोडं लागलं, पण ते विचारायला गेले नाहीत.

एडगरला दुपारी दाराबाहेर खुडबूड ऐकू आली. रांगत जाऊन पाहतो तो मटण स्ट्यूचं भांडं, वर चिठ्ठी. ‘प्रिय मिल्ड्रेड, तुझ्या दुःखात आम्ही सगळे आहोत.’

“वा रे गाव!” एडगर सोफ्याला म्हणाला. “कंबर माझी मोडली आणि दुःख मिल्ड्रेडचं!”

पण स्ट्यू झकास होता. संध्याकाळी ॲपल पाय आला. बुधवारी तीन केक, गुरुवारी अख्खी कोंबडी. चिठ्ठ्या वाचून त्याचं डोकं जरा फिरे. ‘तू त्याचं फार सोसलंस’ ही चिठ्ठी तर त्याने दोनदा वाचली आणि सहीखालचं नाव लक्षात ठेवलं. एकच काळजी त्याला खात होती. शनिवारी भोपळा मैदानावरच्या तंबूपर्यंत न्यायचा कसा?

शुक्रवारी दुपारी दारातली टपालाची फट उघडली आणि तिच्यातून होरेसचा आवाज आत आला.

“मिल्ड्रेड, मी होरेस. उठू नकोस, दार उघडू नकोस. नुसतं ऐक.”

एडगर दारामागे, गालिच्यावर, चार पायांवर गप्प उभा राहिला.

“एडगर गेला. चांगला माणूस होता. म्हणजे, तसा तिरसट होता. माझी शिडी नेली ती तीन वर्षं आणून दिली नाही. पण भोपळा मात्र जीव लावून वाढवायचा.”

गेला? एडगरने मागे वळून पाहिलं. कुठं गेला? मग त्याला कोट आठवला, पडदे आठवले, तीन केक आठवले, आणि सगळा उलगडा झाला. ‘अरे गाढवा, मी इथं आहे!’ असं ओरडायला त्याने तोंड उघडलं.

“उद्या मी माझा भोपळा ठेवत नाही,” होरेस म्हणाला. “त्याचाच ठेवू. मीच घेऊन जातो.”

एडगरने तोंड मिटलं.

“आणि एक मनातलं. गेल्या वर्षी माझा भोपळा चार पौंडांनी जास्त भरला ना? ते पाणी होतं. गुरांना टोचायच्या सुईने भरलं मी. एडगरला सांगायचं रोज मनात यायचं गं. पण तो जिवंत होता ना, कसं सांगणार?”

एडगरने गालिच्याचा कोपरा दातांखाली दाबला. दार उघडावं तर होरेसचं नरडं हाताशी होतं. पण मग होरेस स्वतःचा भोपळा घेऊन येणार, आणि यंदा किती पौंड पाणी असेल ते देवच जाणे! एक दिवस. फक्त उद्या दुपारी तीनला निकाल लागेपर्यंत मेलेलं राहायचं.

“आभारी आहे, होरेस,” तो बारीक आवाजात म्हणाला.

“अगं, आवाज किती बसलाय तुझा!”

“रडून रडून.”

शनिवारी सकाळी पडद्याच्या फटीतून एडगरने आपल्या भोपळ्याची मिरवणूक पाहिली. होरेसने तो उशीसकट हातगाडीवर ठेवला होता. गाडी गल्लीतून अशी हळू चालली होती की दोन्ही बाजूंचे पुरुष टोप्या काढत होते आणि बायका मान खाली घालत होत्या. मोटार घेऊन आलेला एक परगावचा माणूस मागे मुकाट चालला होता, त्याला पुढे जायचं धाडस होईना.

चार दिवसांच्या आरामाने कंबर बरीच सुटली होती. एडगरला घरात दम निघेना. तो मागच्या दाराने निघाला, कुंपण ओलांडायच्या पायरीवरून शेतात उतरला, मेंढ्यांमधून, ओढ्याकाठच्या चिखलातून वाट काढत मैदानाच्या मागच्या बाजूला आला आणि तंबूच्या कापडाला कान लावून उभा राहिला.

आत प्रदर्शनाच्या चिटणीस मिस क्लटरबक बोलत होत्या. “कैलासवासी एडगर विबली यांचा भोपळा, सदतीस पौंड, प्रथम क्रमांक!” टाळ्या पडल्या, पण रुमालात पडल्यासारख्या. बाहेर एडगरने दोन्ही मुठी आवळून जागच्या जागी छोटीशी उडी मारली. कमरेने लगेच आठवण करून दिली.

“आणि समितीने काल एकमताने ठरवलंय,” मिस क्लटरबक पुढे म्हणाल्या, “की यापुढे या चषकाला एडगर विबली स्मृतिचषक म्हणायचं. नाव कोरूनही आणलंय.”

एडगरचे डोळे भरून आले. तेवढ्यात तंबूत एकदम शांतता पसरली. दुपारच्या बसने मिल्ड्रेड आली होती. पिवळाधमक झगा आणि हॅटवर लाल चेरी.

“मिल्ड्रेड, बाई गं!” मिस क्लटरबक म्हणाल्या. “तू… कशी आहेस?”

“मजेत! चार दिवस बहिणीकडे होते. समुद्रावर काय हवा होती म्हणून सांगू.”

“चार दिवस? मग एडगर?”

“असेल पडलेला सोफ्यावर.”

“चार दिवस सोफ्यावर!” कुणाच्या तरी हातातली बशी खाली पडली.

“नेहमीचंच आहे त्याचं. आता जाऊन हलवते.”

पाद्रीसाहेबांनी खुर्ची पुढे केली. मिस क्लटरबकनी हळूच चषक तिच्या हातात दिला आणि झाला प्रकार कानात सांगितला. मिल्ड्रेडने चषकावरचं नाव वाचलं. मग तिने तंबूच्या मागच्या कापडाखाली पाहिलं.

“पण ते बूट तर त्याचेच आहेत,” ती म्हणाली. “एडगर, चिखलात काय करतोयस? आत ये.”

एडगर कापड उचलून आत आला. दीडशे माणसं त्याच्याकडे बघत होती. कुणी किंचाळलं नाही, कुणी काही विचारलं नाही. शेवटी मिस क्लटरबकच सावरल्या.

“चहा घेणार ना, एडगर?”

“घेईन थोडा.”

“बरा दिसतोस हो,” पाद्रीसाहेब म्हणाले. “म्हणजे, एकंदर पाहता.”

होरेस मात्र खडूसारखा पांढरा पडला होता. तो जवळ येऊन कुजबुजला, “काल… दारामागे…?”

“मीच होतो,” एडगर म्हणाला. “रडत.”

स्पर्धेच्या परीक्षकांनी घसा साफ केला. आता या परिस्थितीत निकाल कायम ठेवायचा की कसं, असं ते म्हणू लागताच होरेस पुढे झाला. “त्यात काय कसं? भोपळा ज्याचा, चषक त्याचा. जिवंत असला म्हणून काय झालं?”

चषक एडगरच्या खिडकीत आला. होरेसच्या स्वयंपाकघरातून दिसेल असा.

ते सुख बरोबर अकरा महिने टिकलं. पुढच्या जुलैत एडगर एकेचाळीस पौंडांच्या भोपळ्याचं नाव नोंदवायला गेला, तेव्हा मिस क्लटरबकनी चष्मा काढून पुसला.

“एडगर, कलम चौदा बघ. ज्याच्या नावाचा चषक असतो, त्याला त्या स्पर्धेत उतरता येत नाही.”

“मग नाव बदला!”

“कोरलंय रे. शिवाय समितीचा एकमताचा ठराव. तो रद्द करायचा म्हणजे सभेत विषय काढावा लागेल, की तू… की आम्ही… म्हणजे सगळ्यांनाच किती अवघड होईल!”

विषय कुणी काढला नाही. प्रदर्शनात होरेसचा भोपळा पहिला आला, एकतीस पौंडांचा, आणि चषक द्यायचा मान अर्थातच विबली घराण्याचा. एडगर व्यासपीठावर उभा राहून होरेसच्या भोपळ्यावर सुईचं भोक शोधत होता, तेवढ्यात मिस क्लटरबकनी छापील कार्यक्रमपत्रिका उघडली.

“प्रथम कैलासवासी एडगर विबली यांच्या स्मरणार्थ एक मिनिट शांतता पाळूया.”

तंबूतली सगळी माणसं उठली, माना खाली गेल्या. होरेसने तर डोळेही मिटले. एडगर इकडे बघतो, तिकडे बघतो. मिल्ड्रेडने त्याला कोपराने ढोसलं.

“टोपी काढ,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “लोक काय म्हणतील!”